मनगटातून हृदयापर्यंत

‘अँजिओग्राफीत तीन ब्लॉकेज निघाले. एक तर नव्वद टक्के आहे. स्टेंट टाकून घ्या म्हणाले.’ महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत हे बोलणे एकदा तरी झालेले असते. आपल्या घरी नाही तर मेहुण्याकडे, शेजारी, ऑफिसात. हे ठरते ती जागाही ओळखीची असते. रुग्ण आत कॅथलॅबच्या टेबलावर. बाहेर बाकावर मुलगा, सून, गावाहून रातोरात आलेले काका. दार उघडते, डॉक्टर एकदोघांना आत बोलावतात, पडद्यावरच्या गडद रेषेत एका जागी बसलेला चिमटा दाखवतात आणि विचारतात, ‘करून टाकायचे का?’ पाच मिनिटांत सही होते.

ही सही कधी जीव वाचवते. कधी मात्र आठवडाभर थांबून, दुसऱ्या डॉक्टरांना विचारून ती केली असती तरी काही बिघडणार नव्हते. टेबल तेच, डॉक्टर तेच, आत जाणारी बारीक नळी म्हणजे कॅथेटरही तोच. पण टेबलावरचा माणूस हार्ट अटॅक येऊन आलेला आहे, की जिना चढताना छाती भरून येते म्हणून तपासायला आलेला आहे, यावर सगळे अवलंबून असते. हा फरक घरच्यांना आधीच ठाऊक असेल, तर त्या पाच मिनिटांत काय विचारायचे हेही सुचते. आणि तो नीट कळायचा तर कॅथेटर हृदयात मुळात शिरला कशासाठी, तिथपर्यंत मागे जावे लागते. जवळजवळ अर्धे शतक त्याचे मुख्य काम पाहण्याचे आणि मोजण्याचे होते. दुरुस्तीचे काम त्याच्याकडे बरेच उशिरा आले.

१९२९ सालचा उन्हाळा. बर्लिनजवळच्या एबर्सवाल्ड या लहान शहरातल्या रुग्णालयात वेर्नर फोर्समान हा पंचविशीतला डॉक्टर शस्त्रक्रियेचे शिक्षण घेत होता. जिवंत माणसाच्या हृदयाला हात लावला की तो दगावणारच, अशी त्या काळच्या वैद्यकाची समजूत. अगदी निर्वाणीच्या वेळी औषध हृदयात पोचवायचे तर छातीतून लांब सुई खुपसायची, एवढाच उपाय. फोर्समानने एक जुने चित्र पाहिले होते. त्यात फ्रेंच शास्त्रज्ञ घोड्याच्या मानेतल्या शिरेतून हृदयात नळी घालून आतला दाब मोजत होते. घोड्याला सोसते ते माणसाला का सोसू नये? हाताच्या शिरेतून गेले तर वाटेत काही कापावे लागत नाही, रक्त ज्या दिशेने वाहते त्याच दिशेने नळी सरकत जाते. त्याने वरिष्ठांकडे परवानगी मागितली. ती मिळाली नाही.

निर्जंतुक केलेली उपकरणे गेर्डा डिट्झेन या परिचारिकेच्या ताब्यात असत. फोर्समानने तिला विश्वासात घेतले. तिने उपकरणे दिलीच, शिवाय प्रयोग माझ्यावर करा असेही सांगितले. त्याने तिला टेबलावर झोपवून पट्ट्यांनी बांधले, तिच्या हातावर औषध लावून तयारी केल्यासारखे दाखवले, आणि पाठ वळवून स्वतःच्या डाव्या कोपराजवळची शीर उघडली. हातात होता तो मूत्रमार्गासाठी वापरायचा ६५ सेंटिमीटर लांबीचा कॅथेटर. तो शिरेत बराच आत सरकवून झाल्यावर त्याने डिट्झेनच्या पट्ट्या सोडल्या. आपल्याला फसवले हे तिच्या लक्षात आले, ती रागावली, आणि तरीही त्याच्याबरोबर जिना उतरून तळमजल्यावरच्या क्ष-किरण खोलीत गेली. वाटेत धावत आलेल्या एका सहकाऱ्याने ती नळी ओढून काढायचा प्रयत्न केला. त्याला फोर्समानने दूर सारले. क्ष-किरणांच्या पडद्यासमोर धरलेल्या आरशात पाहत त्याने कॅथेटर आणखी पुढे ढकलला. टोक हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात पोचले. तसा फोटो काढून घेतला.

त्याच वर्षी हा अनुभव छापून आला आणि कौतुकाऐवजी टीका झाली. बर्लिनच्या नामांकित शारिते रुग्णालयात तो टिकू शकला नाही. पुढे तो मूत्ररोगाकडे वळला. तो नाझी पक्षाचा सदस्य होता, युद्धात लष्करी डॉक्टर होता आणि युद्धकैदीही झाला. त्याच्या धाडसाची गोष्ट सांगताना हे गाळणे बरोबर नाही. १९५६ साली नोबेल पुरस्काराची बातमी आली तेव्हा तो बाड क्रॉइत्सनाख या जर्मन गावात मूत्ररोगांवर उपचार करत होता आणि हृदयाच्या कॅथेटरशी त्याचा संबंध कधीच तुटला होता.

त्याच्यासोबत ज्या दोघांना तो पुरस्कार मिळाला, त्यांनी या धाडसाला शिस्त लावली. आंद्रे कूर्नाँ आणि डिकिन्सन रिचर्ड्‌स हे न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातले डॉक्टर. १९४०च्या दशकात त्यांनी रुग्णांच्या हृदयात कॅथेटर नेऊन प्रत्येक कप्प्यातला दाब मोजला, रक्तातला ऑक्सिजन मोजला, मिनिटाला हृदय किती लिटर रक्त फेकते ते काढले. हे आकडे आले तसे आजार वेगवेगळे ओळखू येऊ लागले. झडपेच्या अलीकडे दाब जास्त आणि पलीकडे एकदम कमी, तर झडप आकसलेली. उजव्या कप्प्यातल्या रक्तात असायला हवा त्याहून जास्त ऑक्सिजन सापडला, तर मधल्या पडद्याला भोक आहे आणि डावीकडचे शुद्ध रक्त उजवीकडे झिरपते आहे. छाती न उघडता हे कळणे त्या पिढीच्या डॉक्टरांना केवढे वाटले असेल! जन्मतः निळसर दिसणाऱ्या बाळांवर शस्त्रक्रिया सुरू झाल्या तोच हा काळ, आणि नेमके काय दुरुस्त करायचे हे ठरवायला शल्यविशारदांना या मोजमापाचा मोठा आधार झाला.

तरी एक दार बंद होते. हृदयाच्या स्नायूला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या ज्या दोन धमन्या महाधमनीच्या मुळाशी फुटतात, त्यांत क्ष-किरणांत दिसणारे रंगद्रव्य सोडायची कुणाची छाती नव्हती. स्नायूला क्षणभर ऑक्सिजन मिळाला नाही तर हृदय फडफडून बंद पडेल, ही भीती. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स हे बालहृदयरोगतज्ज्ञ एका २६ वर्षांच्या, झडपेचा आजार असलेल्या तरुणाच्या महाधमनीचे चित्र घेत होते. कॅथेटरचे टोक नकळत उजव्या हृदयधमनीच्या तोंडात शिरले होते आणि रंगद्रव्याचा मोठा डोस थेट तिच्यात गेला. रुग्णाचे हृदय थांबले. सोन्स यांनी ओरडून त्याला खोकायला सांगितले. खोकल्याने छातीत दाब वाढला, साचलेले रंगद्रव्य धमनीतून पुढे ढकलले गेले आणि ठोके परत सुरू झाले.

दुसरा कुणी असता तर सुटलो म्हणून तो विषय तिथेच संपवला असता. सोन्स यांनी उलटा विचार केला: एवढा मोठा डोस जाऊनही माणूस वाचला, तर थोडे थोडे, मुद्दाम आणि काळजीपूर्वक सोडले तर? हृदयधमन्यांची अँजिओग्राफी तिथून सुरू झाली. कुठली धमनी कुठे अरुंद आहे हे पहिल्यांदाच जिवंत माणसात दिसू लागले. त्याच रुग्णालयात रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या शल्यविशारदाने ही चित्रे तासन्‌तास पाहिली आणि १९६७ साली पायातली शीर काढून अडथळ्याला वळसा घालणारी बायपास शस्त्रक्रिया उभी केली. पाहणे आधी आणि करणे नंतर, हा क्रम तिथेही दिसतो.

आजच्या कॅथलॅबमध्ये हे सगळे इतके सराईतपणे होते, की रुग्णाला अनेकदा डोळे मिटायचीही गरज भासत नाही. खोली थंड ठेवलेली. टेबल अरुंद, आणि त्याच्याभोवती अर्धवर्तुळात फिरणारे क्ष-किरणांचे यंत्र. आत उभ्या सगळ्यांच्या अंगावर शिशाचे जड एप्रन, गळ्यालाही शिशाची पट्टी. उजवे मनगट बाहेर काढून ठेवतात, त्यावर तपकिरी जंतुनाशक लावतात. नाडी लागते नेमक्या त्या जागी भूल देणारे इंजेक्शन. टोचते ते एवढेच. मग सुई धमनीत, सुईतून बारीक तार, सुई काढून त्या तारेवरून प्लास्टिकची छोटी नळी, म्हणजे शीथ. तारेवरून नळी सरकवायची ही पद्धत स्वेन-इवार सेल्डिंगर या स्वीडिश डॉक्टरने १९५३ साली प्रसिद्ध केली आणि आज जगभर रोज लाखो वेळा ती वापरली जाते, अतिदक्षता विभागातसुद्धा. शीथमधून धमनी आखडू नये म्हणून औषध देतात आणि रक्त गोठू नये म्हणून हेपारिन. मग सुमारे दोन मिलिमीटर जाडीचा कॅथेटर दंडातून, खांद्यातून वर चढतो आणि महाधमनीच्या मुळाशी येतो. धमनीच्या आतल्या भिंतीला त्याचा स्पर्श जाणवत नाही. रंगद्रव्य सोडले की पडद्यावर हृदयधमनीच्या फांद्या काळ्याभोर उमटतात, ठोक्यासरशी हलतात आणि दोन-तीन सेकंदांत पुसल्या जातात. यंत्र कोन बदलते, पुन्हा रंगद्रव्य, पुन्हा चित्र. डाव्या धमनीची चार-पाच, उजवीची दोन-तीन. साधी अँजिओग्राफी पंधरा-वीस मिनिटांत आटोपते.

पूर्वी हे सगळे जांघेतून होत असे आणि रुग्णाला नंतर कित्येक तास पाय न हलवता पडून राहावे लागे. मनगटाचा मार्ग कॅनडातल्या माँट्रियल इथल्या लुसियाँ काँपो यांनी १९८९ साली दाखवला. अ‍ॅमस्टरडॅमच्या फर्डिनांड किमेनाय यांनी १९९२पासून त्यातून अँजिओप्लास्टी, म्हणजे अरुंद धमनी आतून रुंद करण्याची प्रक्रियाही, केली. तळहाताला दोन धमन्यांतून रक्त मिळते, त्यामुळे एक दुखावली तरी दुसरी सांभाळून घेते. आणि मनगटावर रक्त आलेच तर ते लगेच दिसते, दाबून थांबवता येते. मोठ्या अभ्यासांत, विशेषतः अटॅकच्या रुग्णांत, मनगटाच्या मार्गाने रक्तस्राव आणि मृत्यू दोन्ही कमी झाल्याचे दिसले आहे. काम झाल्यावर मनगटावर हवेने फुगवलेला पारदर्शक पट्टा बांधतात आणि त्यातली हवा थोडी थोडी सोडत जातात. रुग्ण तोवर उठून चहा पीत असतो.

धोका शून्य नसतो. नुसत्या अँजिओग्राफीत मृत्यू, अर्धांगवायू किंवा अटॅक अशी गंभीर गुंतागुंत एक टक्क्याहून कमी वेळा होते. रंगद्रव्याचा ताण मूत्रपिंडावर येतो. म्हणून आधी क्रिएटिनिनची तपासणी करतात आणि मधुमेहाच्या रुग्णाला मेटफॉर्मिन या गोळीबद्दल विचारतात. पूर्वी रंगद्रव्याची किंवा कुठल्याही औषधाची अ‍ॅलर्जी झाली असेल तर ते त्या वेळी आठवणीने सांगायलाच हवे.

आता दुरुस्ती. आंद्रेआस ग्रुंट्झिग हा जर्मन डॉक्टर झ्युरिकच्या विद्यापीठ रुग्णालयात काम करत होता. चार्ल्स डॉटर या अमेरिकन रेडिओलॉजिस्टने १९६४ साली पायातली अरुंद धमनी आतून ताणून रुंद केली होती. ग्रुंट्झिगला ते हृदयात करायचे होते आणि त्यासाठी हवा होता ठरावीक आकारापर्यंतच फुगणारा, तिथून पुढे न ताणला जाणारा बारीक फुगा. बाजारात तसे काही नव्हते. मग संध्याकाळी घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो, त्याची पत्नी मिखाएला, सहकारी मारिया श्लुम्फ आणि तिचा नवरा वॉल्टर असे चौघे बसत आणि प्लास्टिकच्या नळ्या तापवून, चिकटवून, दोऱ्याने बांधून फुगे तयार करत. शेकडो फसले. १६ सप्टेंबर १९७७ रोजी एका ३८ वर्षांच्या रुग्णाच्या डाव्या पुढच्या धमनीत त्याने असा फुगा फुगवला. रुग्ण पूर्ण जागा होता. छाती उघडायची तयारी ठेवून शल्यविशारद शेजारी थांबले होते. ती वेळ आली नाही. दहा वर्षांनी त्या रुग्णाची पुन्हा अँजिओग्राफी झाली तेव्हा धमनी मोकळीच होती. ग्रुंट्झिग ते पाहायला नव्हता. १९८५ साली अमेरिकेत स्वतः चालवत असलेल्या विमानाच्या अपघातात तो आणि त्याची दुसरी पत्नी दोघेही गेले. त्याने आपली पद्धत कधी झाकून ठेवली नाही. १९७८पासूनच तो देशोदेशीच्या डॉक्टरांना बोलावून त्यांच्यासमोर थेट प्रक्रिया करून दाखवत असे, चुकले तर तेही सगळ्यांना दिसेल अशा रीतीने. भारतात १९८०च्या दशकाच्या मध्यात चेन्नईत डॉ. मॅथ्यू सॅम्युअल कलारिकल यांनी अँजिओप्लास्टीचा पाया घातला.

फुग्याने रुंद केलेली धमनी कधी तासाभरात बंद पडायची, आणि तीनातल्या एका रुग्णात तरी काही महिन्यांत पुन्हा आकसायची. १९८६ साली फ्रान्समधल्या तूलूझ इथे जाक प्यूएल आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे उलरिक सिगवार्ट यांनी पहिले स्टेंट बसवले: बॉलपेनातल्या स्प्रिंगसारखी धातूची बारीक जाळी, जी धमनीला आतून टेकू देते. एकदम बंद पडणे त्याने थांबले. पण जाळीवर शरीर नव्या पेशींचा थर वाढवू लागले आणि वाट पुन्हा अरुंद होऊ लागली.

त्यावरचा उपाय प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटाच्या मातीतून आला. १९६४ साली गेलेल्या एका कॅनेडियन मोहिमेने तिथून मातीचे नमुने आणले होते. माँट्रियलच्या आयर्स्ट कंपनीतल्या सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय शास्त्रज्ञाने त्या मातीतल्या सूक्ष्मजीवापासून रॅपामायसिन नावाचे द्रव्य वेगळे काढले. कंपनीने ती प्रयोगशाळा बंद केली तेव्हा सेहगल यांनी काही नमुना घरच्या फ्रीझरमध्ये सांभाळून ठेवला आणि पुढे पुन्हा त्यावर काम सुरू करवून घेतले. पेशींची वाढ रोखणारे हेच औषध स्टेंटवर लेपून १९९९ साली ब्राझीलच्या साओ पावलो शहरात एदुआर्दो सोझा यांनी पहिल्यांदा माणसात वापरले. पुन्हा आकसण्याचे प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली आले. आज आपल्याकडे बसणारे बहुतेक सगळे स्टेंट या औषधाचे किंवा त्याच्या भावंडांचे असतात.

आता त्या टेबलावरच्या दोन माणसांकडे वळू.

पहिल्याला अटॅक आला आहे. धमनीतला चरबीचा थर फुटला, त्यावर रक्ताची गुठळी बसली आणि प्रवाह पूर्ण थांबला. अर्ध्या तासात स्नायू मरायला लागतो आणि पुढे तासागणिक मरत जातो. इथे अँजिओप्लास्टी हा सर्वोत्तम उपचार आहे, याबद्दल वैद्यकात दुमत नाही. रुग्णालयाच्या दारात पाऊल टाकल्यापासून दीड तासाच्या आत बंद धमनीतून तार पलीकडे जायला हवी, असा जगभरचा संकेत आहे. ती तार ०.३६ मिलिमीटर जाडीची असते. तिच्यावरून फुगा जातो, बाहेरून दाबयंत्राने दहा-पंधरा वातावरणांइतका दाब देऊन तो फुगवतात, स्टेंट भिंतीला बसतो आणि पडद्यावर आतापर्यंत मध्येच तुटलेली रेषा पुढे टोकापर्यंत धावत जाते. अनेकदा तिथल्या तिथे छातीतले दुखणे ओसरते. अशा वेळी नातेवाइकांनी दुसरे मत घेत, पैशांची जुळवाजुळव करत दोन तास घालवणे घातक ठरते.

पण दीड तासात कॅथलॅब गाठणे किती जणांना शक्य आहे? भामरागडहून नागपूरला जायचे तर रस्ता तीनशे किलोमीटरहून लांब आहे. अशा ठिकाणी जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन, स्ट्रेप्टोकायनेज किंवा टेनेक्टेप्लेज, तातडीने देणे आणि मग पुढच्या चोवीस तासांत कॅथलॅबकडे पाठवणे हा चांगला आणि मान्यताप्राप्त मार्ग आहे. इंजेक्शन निम्म्याहून अधिक रुग्णांत धमनी उघडते. ‘इथे काही होणार नाही, थेट शहरात न्या’ असे म्हणून इंजेक्शनाशिवाय चार-पाच तासांच्या प्रवासाला पाठवलेल्या रुग्णाचे त्या वाटेत जे नुकसान होते, ते नंतर कितीही महागडा स्टेंट भरून काढू शकत नाही. आणि ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून घरी सोडा पीत काढलेली रात्र तर याहून वाईट.

दुसरा माणूस चालत आला आहे. चढावर छाती भरून येते, थांबले की पाच मिनिटांत बरे वाटते, आणि हे कित्येक महिने असेच चालू आहे. त्याच्या अँजिओग्राफीतही नव्वद टक्के अडथळा दिसेल. त्याच्या घरच्यांना वाटते, आता कुठल्याही क्षणी अटॅक येणार, स्टेंट टाकला की धोका टळला. इथेच मोठा गैरसमज आहे. अटॅक नेहमी सर्वांत अरुंद जागीच येतो असे नाही. तीस-चाळीस टक्क्यांचा मऊ थरही फुटू शकतो. २००७ सालच्या करेज या अभ्यासात अशा स्थिर आजाराच्या २,२८७ रुग्णांपैकी निम्म्यांना औषधांसोबत अँजिओप्लास्टी आणि निम्म्यांना फक्त उत्तम औषधे दिली. मृत्यू आणि अटॅक दोन्ही गटांत सारखेच. त्यावर शंका घेतल्या गेल्या, म्हणून आणखी मोठा इस्केमिया हा अभ्यास झाला: ३७ देश, ५,१७९ रुग्ण. २०२० साली निष्कर्ष आले. मृत्यू आणि अटॅक टाळण्यात सुरुवातीलाच केलेल्या अँजिओप्लास्टीने किंवा बायपासने सरस कामगिरी केली नाही. ज्यांना वारंवार छातीत दुखत होते त्यांचे दुखणे मात्र कमी झाले.

दुखणे खरोखर स्टेंटने कमी होते, की आपल्यावर काहीतरी मोठे केले गेले या भावनेने? लंडनच्या डॉ. राशा अल-लामी यांनी हा प्रश्न धीटपणे घेतला. ऑर्बिटा या अभ्यासात दोनशे रुग्ण होते. सगळ्यांना कॅथलॅबमध्ये नेले, गुंगीचे औषध दिले, कानांत संगीत लावले. निम्म्यांना स्टेंट बसवला, निम्म्यांना बसवला नाही. कुणाला काय झाले हे रुग्णाला आणि पुढे तपासणाऱ्या डॉक्टरांनाही माहीत नव्हते. २०१७ साली निकाल आला: आधीच भरपूर औषधे घेणाऱ्या या रुग्णांत ट्रेडमिलवर चालण्याच्या वेळेत लक्षणीय फरक पडला नाही. हृदयरोगतज्ज्ञांत खळबळ माजली. अल-लामी तिथे थांबल्या नाहीत. दुसऱ्या अभ्यासात त्यांनी छातीदुखीची औषधे बंद करून ३०१ रुग्णांत तोच प्रयोग केला आणि २०२३ साली दाखवून दिले, की औषधांशिवाय असलेल्या रुग्णांत स्टेंटने दुखणे खरोखर कमी होते. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर दुसऱ्या माणसापुढची निवड स्पष्ट होते: गोळ्यांनी त्रास आटोक्यात येत असेल तर त्या चालतील, येत नसेल किंवा गोळ्या सोसत नसतील तर स्टेंट उपयोगी आहे. त्याच रात्री टाकला नाही म्हणून जीव जाईल, असे भय दाखवायला आधार नाही. अपवाद आहेत: डाव्या मुख्य धमनीच्या मुळाशी अडथळा असेल, हृदयाचे पंपिंग बरेच कमी झाले असेल, किंवा दुखणे अलीकडे बसल्या जागीही होऊ लागले असेल, तर गणित वेगळे. मधुमेह असून तिन्ही धमन्यांत आजार असेल तर बहुधा बायपास सरस ठरते.

टक्केवारीबद्दलही सावध असावे. ‘सत्तर टक्के’ हा बहुतेक वेळा नजरेने घेतलेला अंदाज असतो, आणि तेच चित्र दोन अनुभवी डॉक्टर वेगवेगळे वाचू शकतात. कॅथेटरचे जुने काम, मोजण्याचे, इथे पुन्हा मदतीला येते. टोकाला दाबमापक असलेली बारीक तार अडथळ्याच्या पलीकडे नेतात आणि पलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या किती पट आहे ते पाहतात. नेदरलँड्‌सचे निको पेल्स आणि बेल्जियमचे बर्नार्ड दे ब्रुयने यांनी रूढ केलेली ही तपासणी एफएफआर नावाने ओळखली जाते. आकडा ०.८०च्या वर असेल तर तो अडथळा चित्रात कितीही भीतिदायक दिसो, बहुधा स्टेंटची गरज नसते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या फेम अभ्यासात असे मोजून स्टेंट टाकलेल्या रुग्णांना कमी स्टेंट लागले आणि त्यांची प्रकृतीही अधिक चांगली राहिली. मधल्या दर्जाच्या अडथळ्याबाबत ‘एफएफआर करून पाहता येईल का?’ हा प्रश्न बाकावर बसलेल्या मुलाने जरूर विचारावा.

कॅथेटरने होणारी कामे अडथळ्यांपुरती नाहीत. भारतासाठी त्यांतले सर्वांत मोलाचे कदाचित वेगळेच आहे. लहानपणी घसा सुजून आलेल्या संधिज्वराने डाव्या बाजूची झडप पुढे आकसत जाते, आणि ऐन तारुण्यात, कित्येकदा बाईच्या गरोदरपणात, धाप लागून ते उघडकीस येते. जपानचे शल्यविशारद कांजी इनोए यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मधोमध कमरेसारखा आवळलेला एक फुगा तयार केला. पायाच्या शिरेतून तो हृदयात न्यायचा, मधला पडदा ओलांडून झडपेत बसवायचा आणि काही सेकंद फुगवायचा. चिकटलेल्या पाकळ्या सुटतात. मुंबईच्या केईएमसारख्या सार्वजनिक रुग्णालयांत गरीब घरांतल्या असंख्य बायका या फुग्यामुळे छाती न उघडता संसाराला परतल्या आहेत. स्टेंटच्या जाहिरातींच्या गर्दीत या कामाची दखल फार कमी घेतली जाते. जन्मतः असलेली भोके छत्रीसारख्या उपकरणाने बंद करणे, आणि २००२ साली फ्रान्सच्या रूआँ शहरात आलँ क्रिबिए यांनी सुरू केलेले महाधमनीच्या झडपेचे कॅथेटरने रोपण, ही त्याच वाटेवरची पुढची कामे. हे रोपण वृद्धांसाठी वरदान आहे, पण आपल्याकडे अजून फार महाग.

पैशांचा विषय स्टेंटमध्येही आहेच. १९९०च्या दशकात हैदराबादचे डॉ. सोमा राजू आणि डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी स्वस्त देशी स्टेंट तयार केला होता. तरी परदेशी औषधी स्टेंटसाठी रुग्णाच्या बिलात लाख-दीड लाख रुपये लागत राहिले. दिल्लीतले वकील बीरेंदर सांगवान यांच्या याचिकेनंतर स्टेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले आणि फेब्रुवारी २०१७मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने साध्या स्टेंटला ७,२६० आणि औषधी स्टेंटला २९,६०० रुपये अशी कमाल किंमत ठरवली; पुढे त्यात वेळोवेळी थोडे बदल होत गेले. मर्यादा जाळीच्या किमतीवर आहे, प्रक्रियेच्या आणि खाटेच्या दरावर नाही, त्यामुळे बिल मागताना स्टेंट, फुगे, तारा आणि रुग्णालयाचे शुल्क वेगवेगळे लिहून घ्यावे. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा समावेश आहे. अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्राच्या टेबलावर जाऊन रेशनकार्ड आणि ओळखपत्र दाखवायचे असते. अटॅक असेल तर उपचार आधी सुरू करून कागद नंतर पूर्ण करता येतात.

घरी आल्यावर सगळ्यांत मोठी चूक होते ती गोळ्यांची. स्टेंट बसला की अ‍ॅस्पिरिन आणि सोबत क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर अशा रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या सुरू होतात; अटॅकनंतर साधारण वर्षभर, स्थिर आजारात सहा महिने, कधी डॉक्टरांच्या हिशेबाने कमी-जास्त. धातूवर शरीराचा पातळ थर चढेपर्यंत तिथे गुठळी धरण्याचा धोका असतो, आणि गुठळी धरली तर ती पूर्ण अटॅकच असते. दात काढायचा आहे, मोतीबिंदूचे ऑपरेशन आहे, उपवास आहे, औषध दुकानात गोळी संपली आहे, अशा कारणांनी दोन्ही गोळ्या परस्पर बंद करणारे पुष्कळ असतात. दाताच्या डॉक्टरांनी थांबवायला सांगितले तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करावा. डिस्चार्जच्या वेळी मिळणाऱ्या कार्डावर स्टेंटचे स्टिकर असते: कंपनी, व्यास, लांबी, कोणत्या धमनीत, कोणत्या तारखेला. ते कार्ड आणि अँजिओग्राफीची सीडी मागून घेऊन फाइलमध्ये लावून ठेवली, तर वर्षा-दोन वर्षांनी दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरलाही आत काय केले आहे ते तिथल्या तिथे पाहता येते.